रिळाचा दोरा आणि रथाचा दोर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तिरुवैयारु येथे भरलेल्या सभासद-मेळाव्यात दिलेल्या सप्रयोग व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाला उभा राहण्यापूर्वी अध्यक्ष महाराजांनी मला हळूच बजावले आहे की, विषय दोराचा असला तरी चऱ्हाट वळू नये. मी आयुष्यभर एका कचेरीत नकाशे काढले. बोलण्याची सवय मला नाही. तेव्हा चऱ्हाट वळले जाण्याची भीती फारशी नाही. भीती आहे ती वेगळीच. घरच्या रिळाच्या दोऱ्यातून चार मिलिमीटर जाडीचा दोर कसा वळावा, हे ऐकायला इतकी मंडळी कावेरीकाठी येऊन बसली आहेत, ह्याचाच मला संकोच वाटतो आहे.

काल आपण श्रीत्यागराजांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि सायंकाळी पंचनदीश्वराच्या, म्हणजे ऐयारप्परांच्या, देवळाभोवती फिरलो. कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वेण्णारु आणि वडवारु अशा पाच नद्यांवरून ह्या गावाला तिरुवैयारु हे नाव पडले, हे आपल्याला तेथे सांगण्यात आले. परंतु देवळाबाहेरच्या रुंद रस्त्यावर उभे असताना एक गोष्ट कोणी सांगितली नाही. चैत्र-वैशाखात, ज्याला येथे चित्तिरै म्हणतात त्या महिन्यात, ह्याच रस्त्यांवरून देवाचा रथ ओढला जातो. रथाला तमिळमध्ये ‘तेर’ म्हणतात आणि त्याच्या दोराला ‘वडम्’. साध्या दोरीला ‘कयिरु’ हा शब्द आहे, पण रथाच्या दोराला कोणी कयिरु म्हणत नाही. आपल्याकडेही दावे निराळे, कासरा निराळा, नाडा निराळा, सुतळी निराळी आणि सुंभ निराळा. ज्या वस्तूला भाषेने स्वतंत्र नाव दिले, ती वस्तू लोकांनी हाताळलेली असते, तळहात सोलवटेपर्यंत ओढलेली असते. माझी आजची सारी अडचण ह्याच एका गोष्टीतून उद्भवली आहे.

टेबलावर जो रथ आपण पाहता आहात तो माझ्या मामांनी केलेला. मामा शाळेत चित्रकला शिकवीत. तंजावरात मराठी राज्य आले ते १६७६ च्या सुमारास, व्यंकोजीराजांबरोबर. आणि १८५५ मध्ये ते संपले तरी त्याच्याबरोबर आलेली घरे इकडेच राहिली. आमचे आजोळ त्यांपैकीच एक. मामांनी १९८९ साली हा रथ करायला घेतला. प्रमाण एकास चोवीस, म्हणजे खऱ्या रथाच्या दोन फुटांना येथे एक इंच. चाके, त्यांवरचे लोखंडी पट्टे, तीन थरांचे कोरीव काम, पुढे झेपावणारे व्याल, वरचा कापडी कळसाचा सांगाडा, इतकेच नव्हे तर उतारावर चाकाखाली सारतात ती ‘मुट्टुक्कट्टै’ नावाची लाकडी पाचर, हे सारे त्यांनी स्वतः मोजमापे घेऊन केले. १९९४ मध्ये ते गेले. रथ पुरा झाला होता. दोर राहिला होता. त्यांच्या वहीत शेवटच्या पानावर ‘वडम् दोन, नंतर’ एवढेच लिहिलेले आहे.

ते ‘नंतर’ माझ्या वाट्याला आले आणि मी ते अर्ध्या तासात उरकले. बाजारातून नायलॉनची बारीक दोरी आणली, रथाच्या पुढच्या तुळईला बांधली आणि मोकळा झालो. पाहुणे येत, रथाची वाखाणणी करीत. वीस वर्षांत दोराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आणि मलाही ते पुरेसे वाटत होते.

२०१५ च्या एप्रिलमध्ये तंजावरच्या बृहदीश्वराचा रथ सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर पुन्हा निघाला. येथून तंजावर तेरा किलोमीटर, मी गेलो. गर्दीत रेटला जाऊन मी दोराच्या अगदी जवळ पोचलो, आणि रथाऐवजी दोराकडेच पाहत राहिलो. ओढणारे थांबले की तो रस्त्यावर अजगरासारखा पडे. हाक झाली की त्याच्या अंगावरचे पेड एकामागून एक ताठ होत पुढे सरकत. घरी येऊन मामांचा रथ पाहिला तो त्याच्यापुढे एक गुळगुळीत, चकचकीत, बुटाच्या नाडीसारखी वस्तू लोंबत होती. देवळासमोर फुले विकणाऱ्या एक वृद्ध बाई आमच्या घरी रोजचा गजरा देत. त्यांना आम्ही पाट्टी म्हणत असू. त्यांनी माझी नजर पाहिली आणि रथाकडे बोट करून म्हणाल्या, “तेर निजम्, वडम् पोय्.” रथ खरा, दोर खोटा. वीस वर्षे त्यांना ते दिसत होते. विचारले नाही म्हणून बोलल्या नव्हत्या, एवढेच.

आता दोर खरा कशाने होतो? दोर म्हणजे जाड दोरा नव्हे. तंतूंना एका बाजूने पीळ दिला की सूत होते. अशी सुते एकत्र करून उलट बाजूने पिळली की पेड होतो. तीन पेड पुन्हा उलट बाजूने एकमेकांभोवती वळले की दोर होतो. प्रत्येक पायरीला पीळ उलटतो, ह्यातच सारी मख्खी आहे. पेड सुटू पाहतो तेव्हा दोराला आवळतो. दोर सुटू पाहतो तेव्हा पेडाला आवळतो. दोन्ही भांडणे एकमेकांना धरून ठेवतात. म्हणूनच गाठ नसता, डिंक नसता, वीतभर लांबीच्या तंतूंचा दोनशे फूट दोर टिकतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे आपण हेकट माणसाला हिणवून म्हणतो. सुंभाच्या बाजूने पाहिले तर ती त्याची स्तुतीच आहे. नायलॉनच्या त्या दोरीला पीळच नव्हता. ती विणलेली होती, आणि डोळा ते ओळखतो.

हे उमगल्यावर मी दुसरी चूक केली, आणि ती अधिक शहाणपणाने केली. खरा दोर काथ्याचा, तर आपणही काथ्याचाच करू, असे मी ठरविले. नारळाची सोडणे भिजवली, कुटली, धुतली, आणि त्यांतून निवडून निवडून बारीक तंतू काढले. आठवडाभराच्या कष्टाने जे तयार झाले ते दोराऐवजी बाटल्या धुण्याच्या ब्रशासारखे दिसत होते. कारण उघड आहे. रथ चोवीसपट लहान झाला, पण माडाचा तंतू लहान व्हायला तयार नाही. खऱ्या दोरात जो तंतू केसासारखा दिसतो तोच आमच्या दोरात काठीसारखा उभा राहतो. मग पाट्टींच्या सांगण्यावरून केळीचे सोपट घेतले. इकडे फुले ओवायला सुताऐवजी केळीचा तंतूच वापरतात, आणि कावेरीकाठच्या ह्या गावांत केळीला तोटा नाही. तो तंतू मऊ, लांब आणि रंगाने सुरेख; ओला असताना फार छान वळतो. परंतु वाळला की चिरफाळतो आणि चपटा होतो. छोट्या बैलगाडीचे जोते बांधायला तो उत्तम. रथाच्या दोराला नाही.

तेव्हा प्रतिकृती करणाराने हे मनाशी बांधून घ्यावे की, लहान वस्तूत खरे साहित्य खोटे दिसते. आपल्याला काथ्याची नक्कल करायची नाही. नक्कल करायची ती पिळाची. ही युक्ती माझी नव्हे. सरफोजीराजांनी इंग्रजांच्या नेपोलियनवरील विजयाच्या स्मरणार्थ आपल्या ह्या किनाऱ्यावर १८१४ मध्ये ‘मनोरा’ उभारण्यास घेतला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच युद्धात पकडलेले फ्रेंच कैदी त्या काळात इंग्लंडात, पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस ह्यासारख्या छावण्यांत, जहाजांच्या प्रतिकृती करीत बसले होते. लाकूड मिळेना, म्हणून ताटातली उरलेली हाडे घासून त्यांनी तक्ते केले. आणि दोरखंडासाठी रेशमाचे धागे व माणसाचे केस वळले. त्या जहाजांचे मोल आज संग्रहालये सांगतात. विजयाचा मनोरा एकीकडे, आणि हरलेल्यांची हाडांची गलबते दुसरीकडे! मला दोन्ही पाहण्याजोगी वाटतात. असो.

आपण मात्र केसांपर्यंत जाण्याचे कारण नाही. शिवणाच्या पेटीत आपले साहित्य आहे. पण दोरा सुती हवा. हल्ली दुकानात मिळणारे बहुतेक रीळ पॉलिएस्टरचे असते. त्याला चमक असते, आणि चहा-कॉफीचा रंग ते धरीत नाही. वीतभर दोरा ज्योतीजवळ न्यावा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येऊन हलकी राख उरते. पॉलिएस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. भगिनींना हे सांगण्याची गरज नाही. आम्हा पुरुषांना मात्र दुकानदार काय देईल ते घेऊन येण्याची सवय असते.

पुढची गोष्ट समजायला मला दोन महिने लागले, म्हणून ती जरा सावकाश सांगतो. दोऱ्याचा तुकडा उभा धरून भिंगाखाली पाहा. पिळाच्या तिरप्या रेघा खालून वर उजवीकडे चढत असतील तर तो उजवा पीळ. डावीकडे चढत असतील तर डावा. बाजारातला बहुतेक शिवणदोरा उजव्या पिळाचा असतो. आणि जगात वापरात असलेले बहुतेक तिपेडी दोरही उजव्या पिळाचेच असतात. आता गंमत पाहा. उजव्या पिळाचे तीन दोरे घेऊन त्यांना अधिक पीळ दिला आणि एकत्र सोडले, तर ते एकमेकांभोवती डावीकडे वळतात. पायरीला पीळ उलटतो म्हणून सांगितलेच आहे. म्हणजे माझा दोर डावखुरा झाला. मी तो बळेच उजवीकडे वळून पाहिला. तर दोऱ्यांचा मूळचा पीळ उलगडला आणि दोर हातात भुसभुशीत झाला. काय चुकते ते कळेना. शेवटी पाट्टींच्या हातांकडे पाहत असताना प्रकाश पडला. केळीचा तंतू मांडीवर वळताना त्या तळहात पुढे नेत तेव्हा सूत होई आणि मागे आणीत तेव्हा दोन सुते एकत्र येत. त्यांनी पायरी चुकविली नव्हती. माझी एक पायरी कमी पडत होती. रिळाच्या दोऱ्याला मी पेड समजत होतो. तो नुसता तंतू समजायला हवा होता. उजव्या पिळाच्या दोऱ्यांतून आधी डाव्या पिळाचे पेड वळावेत, आणि मग त्या तीन पेडांतून उजव्या पिळाचा दोर वळावा. कष्ट दुप्पट, पण दोर खरा.

ह्यासाठी लागणारे यंत्र टेबलावर आहे. त्याचा खर्च विचाराल तर सायकलवाल्याकडून टाकाऊ स्पोक मागून आणण्याचे जे काही ओशाळेपण असेल तेवढाच. एका फळीला त्रिकोणात तीन भोके पाडली. प्रत्येक भोकातून स्पोकचा तुकडा घालून त्याच्या पुढच्या टोकाला आकडा केला, आणि मागचे टोक दोनदा काटकोनात वाकवून तसल्याच तीन भोकांच्या दुसऱ्या फळीत अडकविले. ही मागची फळी हाताने गोल फिरवली की तिन्ही आकडे एकाच वेळी, एकाच दिशेने, सारख्याच फेऱ्या घेतात. ‘सारख्याच’ ह्या शब्दाला महत्त्व आहे. एका पेडाला पीळ कमी बसला तर तो दोरात सरळ राहतो आणि उरलेले दोघे त्याच्याभोवती वेलीसारखे चढतात. दुसऱ्या टोकाला एकच आकडा, मोकळेपणी फिरणारा. तो मी कपड्यांच्या जुन्या इस्त्रीला बांधला आहे. पीळ बसू लागला की पेड आखडतात आणि इस्त्री आपोआप पुढे सरकते. तिच्या वजनाने ताण कायम राहतो.

आणि मध्ये हा भोवरा. मुलांच्या खेळण्यातला लाकडी भोवरा घेऊन कानशीने त्याच्या अंगावर उभ्या तीन खाचा केल्या. तीन पेड तीन खाचांत बसवायचे, भोवऱ्याचे निमुळते टोक इस्त्रीकडे ठेवायचे. मागे दोर मिटत येतो आणि भोवरा आपण होऊन आकड्यांकडे चालू लागतो. त्याला ढकलू नये, किंचित अडवावे. जितके अडवाल तितका दोर घट्ट. इंग्लंडात चॅटमच्या जुन्या गोदीत पाव मैल लांबीची दोरशाळा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या त्या इमारतीत आजही दोर वळले जातात, आणि तेथेही गाड्यावर बसविलेला असाच खाचांचा लाकडी शंकू वापरतात. आमच्या ओसरीची लांबी अठरा फूट. बाकी भेद नाही. फळी कोणत्या दिशेने फिरवावी हा प्रश्न मला नेहमी विचारतात. डावे-उजवे पाठ करू नये. ज्या दिशेने फिरविल्यावर हातातला धागा अधिक आवळतो, ती दिशा. पहिल्या पायरीला ती एक असेल, दुसऱ्या पायरीला नेमकी उलट.

थोडे गणित सांगणे भाग आहे. समजा, रथाच्या दोराचा घेर एक फूट आहे आणि लांबी दोनशे फूट. एक फूट घेर म्हणजे सुमारे सत्त्याण्णव मिलिमीटर जाडी. चोवीसने भागले की चार मिलिमीटर. लांबी आठ फूट चार इंच. तीन सारखे पेड एकमेकांना चिकटून उभे केले तर त्यांच्याभोवतीच्या वर्तुळाचा व्यास पेडाच्या जाडीच्या २.१५ पट येतो. भूमितीत ज्यांना गोडी आहे त्यांनी घरी पडताळून पाहावे. तेव्हा चार मिलिमीटरचा दोर हवा तर पेड १.८६ मिलिमीटरचा, आणि त्या पेडाचे तीन उपपेड ०.८७ मिलिमीटरचे. एवढी बारीक जाडी मोजायला यंत्र नको. पेन्सिलीवर दोरा शेजारी-शेजारी गुंडाळावा आणि एक सेंटिमीटरात किती फेरे बसतात ते मोजावे. चाळीस बसले तर दोरा पाव मिलिमीटरचा. असे नऊ दोरे एका आकड्याला घेतले की आपला उपपेड होतो. म्हणजे दोरात एकूण एक्याऐंशी दोरे. पिळाने प्रत्येक पायरीला लांबी पाव ते तृतीयांश आखडते. तेव्हा साडेआठ फुटांसाठी आरंभी सतरा फूट धरावेत. एकंदरीत एका दोराला चारशे वीस मीटरच्या आसपास दोरा लागला, आणि रथाला दोर दोन. हा हिशेब मी सौभाग्यवतींना आधी सांगितला नव्हता. शिवणाची पेटी उघडल्यावर त्यांना तो आपोआप कळला. गणितात आणि हातात थोडा फरक पडतोच, म्हणून आधी वीतभर दोर वळून पाहावा आणि मग रिळे फोडावीत.

रंगासाठी आपल्या तंजावर भागात दूर जायला नको. फिल्टरमध्ये उरलेला कॉफीचा गाळ पाण्यात उकळून, चिमूटभर मीठ टाकून, त्यात दोर रात्रभर बुडवून ठेवला की जुन्या काथ्याचा रंग येतो. चहानेही येतो, पण तो जरा तांबूस. चहात लोखंडी खिळा टाकला तर रंग काळपट होतो. दिसायला तो झकास असला तरी मी तो वापरीत नाही, कारण लोखंडाच्या त्या काळिम्याने सूत काही वर्षांत कुजते. रंगापूर्वी दोर ज्योतीवरून झरकन ओढून घ्यावा म्हणजे वरचे केस जळून जातात. झरकन म्हणजे झरकन. माझा एक दोर ह्या शब्दाचा अर्थ शिकण्यात गेला. मेण लावायचे ते रंगानंतर. आधी लावले तर रंग बसत नाही. टोकाला आधी डिंकाचा थेंब द्यावा, बारीक दोऱ्याची आंटी घालून तोंड बांधावे, आणि मगच कात्री लावावी.

आता मला एक कबुली द्यायची आहे. पुढे येऊन पाहिलेत तर डाव्या बाजूच्या व्यालाचा पुढचा पाय सांधलेला दिसेल. तो मामांच्या हातचा नाही.

२०१५ च्या ऑक्टोबरात माझा पहिला खरा दोर तयार झाला. मी इतका हरखलो होतो की धीर धरवला नाही. रंग वाळताच दोर रथाच्या तुळईला बांधला, आणि माणसे ओढीत आहेत असे दिसावे म्हणून दुसरे टोक फळीच्या कडेला खिळ्याशी ताणून आवळले. त्या वर्षीचा ऐप्पसी-कार्तिकैचा पाऊस तामिळनाडू विसरणार नाही. डिसेंबरात मद्रास पाण्याखाली गेले. आमच्याकडे कौलांतून ठिबक लागली ती नेमकी त्या कपाटावर, आणि आम्ही त्या आठवड्यात गावाला गेलेलो. सुती दोर भिजला की त्यातले तंतू फुगतात. जाडी वाढते आणि लांबी आखडते. पिळाचा दोर तर फारच आखडतो. ज्या गुणाने तो दोर होतो त्याच गुणाने त्याने रथाची तुळई खेचून काढली, आणि तिच्याबरोबर व्यालाचा पाय मोडला. मामांनी तो पाय कोरायला किती दिवस घेतले होते हे त्यांच्या वहीत आहे. तो आकडा मी येथे सांगणार नाही.

नायलॉनने वीस वर्षे रथाला काही केले नव्हते, हेही त्या वेळी मनात येऊन गेले. पण पुन्हा नायलॉन बांधावे असे मात्र वाटले नाही. पाय मी लिंबाच्या लाकडातून कोरून सांधला. आता दोर वळून झाला की मी तो पाण्यात भिजवतो, टोकाला कुलूप बांधून ओसरीत टांगतो, दोन दिवस वाळू देतो, आणि असे तीनदा करतो. त्याला जे आखडायचे ते तेथे आखडून घेऊ द्यावे. आणि प्रतिकृतीत दोर कधीही ताणून बांधीत नाही. दाखवायलाच हवा तर ताठ दिसणाऱ्या भागात आतून बारीक तार घालून ठेवावी, रथावर ओढ येऊ देऊ नये.

ढिला दोर मात्र सोपा, असे समजू नका. खरा दोर रस्त्यावर आपल्या भाराने पडतो. त्याचा प्रत्येक वळसा जमिनीला चिकटलेला असतो. आमचा दोर लांबी-जाडीने चोवीसपट लहान झाला, पण वजनाने तेरा हजार आठशे पटींहून अधिक हलका झाला. त्याला पडण्याइतका भारच उरला नाही. टेबलावर ठेवला की तो मांजराच्या शेपटीसारखा वर उचलतो. ह्यावर उपाय म्हणजे पातळ केलेला डिंक किंवा तांदळाची पेज. दोर ओला करून हवे तसे वळसे द्यावेत, टाचण्यांनी जमिनीशी दाबावेत आणि वाळल्यावर टाचण्या काढाव्यात. वळशांसाठी मी देवळाच्या रस्त्यावर दोनदा जाऊन रेखाटने केली. कल्पनेने घातलेले वळसे फार सुबक होतात. पन्नास माणसांनी एकदम हातातून सोडलेला दोर तसा पडत नाही.

बालमित्रांसाठी एवढेच सांगतो की हे सारे रथासाठीच आहे असे नाही. दिवाळीत किल्ला करता ना? सिंहगड केलात तर १६७० ची ती रात्र दोराशिवाय कशी होणार? सूर्याजीने कापलेले दोर म्हणे, आणि तुम्ही कड्याला लावता सुतळी! चार इंची मावळ्यांच्या हातात सुतळी म्हणजे झाडाचा बुंधा झाला. एकाच पायरीचा, सहा दोऱ्यांचा दोर वळा. तो डावखुरा झाला तर मी कोणाला सांगणार नाही. विहिरीचा रहाट, बैलगाडी, होडी, साऱ्यांना तो चालेल.

पाट्टी २०१९ मध्ये वारल्या. दुरुस्त झालेला रथ त्यांनी पाहिला होता. दोर बोटांत धरून त्यांनी नखाने पीळ थोडा उलगडून पाहिला, पेड मोजले, आणि मग हातातल्या परडीतून गजरा काढून माझ्याऐवजी रथाला घातला. बोलल्या काही नाहीत. मी विचारलेही नाही.

आज हा रथ मी मंडळाच्या स्वाधीन करीत आहे. त्याला एकच दोर आहे, हे आपल्या ध्यानात आले असेल. वहीत ‘वडम् दोन’ असे लिहिले आहे; दुसऱ्याचे तीन पेड वळून तयार आहेत आणि ते ह्या आकड्यांना लावलेले आहेत. माझ्या बोटांना आता कंप असतो, आणि भोवरा अडवायला स्थिर हात लागतो. तेव्हा मुलांपैकी तिघांनी पुढे यावे. एकाने फळी फिरवायची, एकाने इस्त्रीवर लक्ष ठेवायचे, आणि ज्याला सर्वांत कमी घाई असेल त्याने भोवरा धरावा.